सरूमावशीची संमती

लोकांना खोकायला लावणं ही माझी नोकरी होती. कोणी विचारलं की मी एवढंच सांगते. समोरचा हसतो, मीही हसते, आणि विषय तिथेच संपतो. संपलेला बरा असतो, कारण पुढचं सांगायचं म्हटलं तर सरूमावशीपर्यंत जावं लागतं, आणि चारचौघांत चहा पिताना त्यांच्यापर्यंत जायचा मला धीर होत नाही. लिहायला बसलं की समोर कोणी नसतं. म्हणून लिहिते.

मावळातल्या खेड्यांमध्ये फुप्फुसांच्या आजारांचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं, त्याचं कार्यालय तळेगावात. मी तिथे गावोगाव फिरणाऱ्या बायकांची पर्यवेक्षिका. पर्यवेक्षिका हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण काम पायपिटीचं. सकाळच्या लोकलनं कान्ह्याला उतरायचं, तिथून शेअर रिक्षानं टाकव्याला जायचं आणि ज्यांचं आयुष्य चुलीपुढे गेलं अशा बायकांचा श्वास मोजायचा. एका नळीत जोरात फुंकायचं, यंत्रावर आकडा येतो. त्या यंत्राचं बारसं गावानं आमच्याआधीच करून टाकलं होतं, फुंकणी. एका माजी पैलवानानं नको म्हणताना हट्टानं फुंकलं आणि त्यांची कवळी नळीत जाऊन बसली. उलट एक आजी नळी तोंडाजवळ न्यायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, "श्वास मोजून दिल्याले असत्यात बाई. मी तुज्या डबीत घालवले तर शेवटाला कुटून आनू?"

फुंकून झालं की खोकला. छोट्या रेकॉर्डरपुढे बसून तीनदा खोकायचं. खोकल्याच्या आवाजावरून आजार ओळखता येईल का, हे युरोपातलं एक विद्यापीठ तपासत होतं आणि आम्ही त्यांचे भागीदार होतो. नावगाव काढून, नुसता क्रमांक लावून तो आवाज तिकडे जायचा. त्याआधी आमच्या कार्यालयात तो साफ करत. कोंबडं आरवलं, कोणी मध्ये बोललं, शिट्टी वाजली, की तेवढं कापून टाकायचं. मागे राहायचा तो फक्त खोकला.

आणि या सगळ्याच्या आधी संमती. त्याशिवाय आम्ही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसू. सही, नाहीतर अंगठा. काही म्हाताऱ्या बायका अंगठ्याला घाबरत. अंगठा दिला आणि जमीन गेली, अशा गोष्टी त्यांनी लहानपणापासून ऐकलेल्या. त्यांच्यासाठी तोंडी संमतीची सोय होती. त्यांनी 'हो' म्हणायचं आणि साक्षीदारानं सही करायची. नियम एकच, पण कडक. तो 'हो' साक्षीदारानं स्वतःच्या कानांनी ऐकलेला असला पाहिजे. नव्या मुलींना शिकवताना मी हे इतक्यांदा घोकून घेई की त्या माझी नक्कल करत. करू देत. साक्ष म्हणजे काही भिशीचा निरोप नव्हे, दुसऱ्याकडून कळला तरी चालेल असा.

सरूमावशी टाकव्याच्या. चार खाचरं भाताची, एक म्हैस, मुलगा आणि सून दोघंही जवळच्या कंपनीत पाळीवर. घरात दिवसभर मावशी आणि बबनआबा, म्हणजे त्यांचे यजमान. मावशींना जुना दमा होता, पण जीभ तिखट. मी रेकॉर्डर काढला आणि म्हटलं, "मावशी, खोका."

"उगंच कशी खोकू? खोकला आला म्हंजी खोकते."

"तुम्ही एरवी खाकरता ना, तसं करा."

मावशी मागच्या दारात बसल्या होत्या. समोर गोठा. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, गोठ्याकडे तोंड केलं आणि खोकल्या. एक आखूड, मग जरा थांबून दोन लांब. लगेच गोठ्यातून आवाज आला, "ओ, आलो!" आणि शेणानं भरलेले हात तसेच घेऊन आबा दारात उभे. "काय गं?"

"काय न्हाई. ताई म्हनली खोक, म्हनून खोकले."

आबा परत गेले. मावशी दुसऱ्यांदा खोकल्या. पुन्हा "ओ, आलो", पुन्हा आबा दारात. तिसऱ्या वेळेस तर आम्ही तिघंही हसत होतो. मग मावशींनी मला समजावून सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. नुसतं 'अवो' म्हणायची सोय नाही, कारण सासू 'अवो' म्हणायची सासऱ्यांना आणि दोघंही वळून बघायचे. म्हणून मावशी खोकायच्या. एक आखूड, दोन लांब. भाताच्या खाचरात असोत की ओढ्यावर, आबांना तो खोकला बरोबर कळायचा. सगळ्या जन्मात त्यांनी नवऱ्याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलीच नव्हती.

कार्यालयात नियमाप्रमाणे "ओ, आलो" कापलं गेलं. खोकला तिकडे गेला.

दोन-तीन पावसाळ्यांनी मावशी गेल्या. आबा त्या दिवशी तहसीलच्या कामाला वडगावला गेले होते. शेजारची सुमन नंतर मला सांगत होती, दुपारी मावशी मागच्या दारात बसून गोठ्याकडे तोंड करून खोकत होत्या. सुमनला वाटलं नेहमीचं बोलावणं आहे, आबा असतील गोठ्यात. बराच वेळ खोकत होत्या. मग खोकला थांबला. हे सुमननं आबांना सांगायला नको होतं, पण गावात न सांगितलेलं काही राहत नाही.

माझी निवृत्ती जवळ आली होती तेव्हा युरोपातल्या त्या विद्यापीठाच्या संशोधक, आनेकेबाई, लोणावळ्याला आल्या. तिकडे आरोग्याच्या माहितीचा नवा कायदा आला होता. एका देशातल्या दवाखान्यातली माहिती, नाव काढून, रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या देशातल्या संशोधकालाही वापरता यावी, असा. कल्पना चांगली आहे, एकाच्या दुखण्यातून दुसऱ्याला शहाणपण मिळावं. पण कायदा राबवायचा कसा यावर डॉक्टर आणि संशोधक यांची मतं घ्यायचं काम चाललं होतं. डॉक्टर म्हणत, पेशंट आम्हाला विश्वासानं सांगतो, उद्या तो तोंड मिटेल. संशोधक म्हणत, प्रत्येकानं आपली माहिती मागे घेतली तर उरलेलं चित्र वाकडं येईल. दोन्ही खरंच होतं. आनेकेबाईंच्या गटानं आमच्यासारख्या लांबच्या भागीदारांनाही विचारायचं ठरवलं. आमच्या केंद्राच्या प्रमुख डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ज्यांची माहिती आहे त्यांच्यातलंही कोणी हवं. म्हणून मी बबनआबांना घेऊन गेले. बोलायला त्यांना आवडायचं, आणि अलीकडे घरात बोलायला कोणी नव्हतं.

भाद्रपदातलं लोणावळं. हॉटेलच्या हॉलच्या खिडक्यांबाहेर दिवसाढवळ्या काही दिसत नव्हतं. धुकं काचेला लागून उभं होतं आणि कोणी दार उघडलं की थोडं आत यायचं. टेबलावर पाहुण्यांसाठी चिक्कीच्या बश्या ठेवल्या होत्या. आबा शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन बसलेले. मी शेजारी, हळू आवाजात त्यांना मराठीत सांगत होते.

आनेकेबाई म्हणाल्या, नाव काढलं की माहिती कशी निनावी होते ते ऐकाच. त्यांनी एक खोकला वाजवला. कोणाचा ते कळणं शक्य नव्हतं. दुसरा वाजवला. तोही तसाच. मग तिसरा. एक आखूड. जरा थांबून, दोन लांब.

"ओ, आलो!"

आबा उठून उभे राहिले होते. टोपी खाली पडली. सगळ्या हॉलनं मागे वळून पाहिलं, पण आबांचं कोणाकडे लक्ष नव्हतं. ते बाजूच्या दाराकडे निघाले, घाईत, घरी पाय उचलावेत तसे. दार उघडलं आणि धुक्याकडे तोंड करून म्हणाले, "काय गं?"

मी जाऊन त्यांचा हात धरला तेव्हा तो थंडगार होता. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "हितं कशी आली ती?"

डॉक्टर मॅडमनी मला विचारलं काय झालं, मी सांगितलं, त्यांनी आनेकेबाईंना सांगितलं. आनेकेबाईंनी यंत्र बंद केलं आणि खाली बसल्या. निनावी म्हणून वाजवलेल्या आवाजात एका बाईनं नवऱ्याला हाक मारली होती आणि नवरा हजर होता. चर्चा तिथून पुढे फारशी सरकली नाही.

त्यानंतर आबांच्या सुनेचा मला फोन. मोठी शहाणी मुलगी, उगाच घाबरणारी नव्हे. "ताई, आबा दुपारचं गोठ्याकडं तोंड करून ओ देत्यात. मदीच उटत्यात, आलो म्हनत्यात, जात्यात. आमाला काय आयकू येत न्हाई. म्हस मातर थांबती."

"थांबते म्हणजे?"

"रवंथ करायची थांबती. कान टवकारून मागल्या दाराकडं बगती. मग आबा उटत्यात. आदी म्हस, मग आबा. मी लय येळा बगितलंय."

मी टाकव्याला गेले. आबा गोठ्याच्या कठड्यावर बसले होते. वेड लागलेल्या माणसासारखे मुळीच नव्हते. भाताची चौकशी केली, माझ्या गुडघ्याची केली. मग आपणच विषय काढला.

"ताई, तिकडं ते लोक तिचा खोकला वाजवत्यात ना? रोज?"

"रोज नाही, पण वाजवत असतील. मशीनला शिकवायला पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो."

"मंजी तितं ती हाका मारतीय." ते म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "ती मेली त्या दिवशीबी हाका मारीत व्हती. म्या नव्हतो. आता तितं मारती, तितंबी म्या न्हाई. हाक मारायची आन् कुनी ओ द्यायचा न्हाई, असं किती दिस ठिवायचं तिला?"

माझे डोळे भरून आले, ते मी त्यांना दिसू दिले नाहीत. मी म्हटलं, आनेकेबाईंनी कळवलंय, तुम्हाला नको असेल तर तो आवाज काढून टाकतील. त्यांना कोणता ते आता माहीत आहे.

"काडून टाकला तर ती जाईल कुटं?" आबा दचकून म्हणाले. "नगं. ऱ्हाऊ द्या. कुना बाईचा दमा त्यानं कळला तर कळू द्या, तिला आवडंल. फकस्त माजा ओ लावा त्याच्यामागं. तुमी कापला ना तो? तेवडा लावा."

कापलेला ओ कधीच पुसला गेला होता. डॉक्टर मॅडमनी आनेकेबाईंशी व्हिडिओवर बोलणं केलं. आनेकेबाई म्हणाल्या, जुन्या नोंदीला हात लावता येत नाही, पण आबांची स्वतंत्र नोंद घ्या, त्यांच्या संमतीनं. आम्ही ती शेजारी ठेवू, आणि जिथे तो खोकला जाईल तिथे ही जाईल. काही कापू नका, जसं असेल तसं पाठवा. नियमात बसवायला त्यांना काय काय करावं लागलं असेल ते त्यांनाच ठाऊक. मोठ्या मनाची बाई.

म्हणून माझ्या नोकरीतलं शेवटचं ध्वनिमुद्रण टाकव्याच्या त्या मागच्या दारात झालं. दुपार होती. पाऊस उघडला होता, पण ऊन नव्हतं. सून आणि मुलगा कामावर, शेजारच्या सुमनच्या घराला कुलूप. मी आबांची संमती घेतली, त्यांनी झोकात सही केली. रेकॉर्डर सुरू केला आणि मानेनं खूण केली.

आबा काही बोलेनात. गोठ्याकडे बघत बसले. मी पुन्हा खूण केली. त्यांनी हातानंच मला गप्प बसवलं. पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, म्हैस रवंथ करत होती, तिच्या दाढांचा आवाज तेवढा येत होता. माझं पेन हातातच राहिलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग दाढांचा आवाज बंद झाला. म्हशीनं मान वर केली आणि आमच्याकडे पाहिलं. आमच्याकडे म्हणजे आबांकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. आम्हा दोघांच्या मधली उंबऱ्याची जागा रिकामी होती, तिकडे.

"ओ, आलो," आबा म्हणाले. अगदी हळू, खुशीत.

मी रेकॉर्डर बंद केला. "आबा, एवढा वेळ का थांबलात?"

"बोलावल्याबिगर ओ कसा देऊ?" आबा म्हणाले. मी काही तरी खुळ्यासारखं विचारलंय, असा त्यांचा चेहरा.

ती नोंद मी ऐकली नाही. एरवी खेड्यातून निघायच्या आधी ऐकून बघायची माझी शिस्त होती. त्या दिवशी ती मोडली. तशीच पाठवून दिली.

पुढच्या आठवड्यात आनेकेबाई पडद्यावर आल्या. इकडे डॉक्टर मॅडम आणि मी. आधी कायद्याचं बोलणं झालं. आमच्या मतात मॅडमनी लिहिलं होतं की आवाज कधीच पुरता निनावी नसतो, तो कोणाला तरी ओळखू येतो, म्हणून आवाजाच्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारण्याची वाट कायम उघडी ठेवावी. ते आनेकेबाईंनी पुढे पाठवलं होतं. मग त्या म्हणाल्या, "एक छोटी अडचण आहे. त्या नोंदीत दोन माणसं आहेत. पुरुषाची संमती तुम्ही जोडली आहे. त्यांच्या आधी ज्या बाई खोकतात त्यांची जोडलेली नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सून असेल."

"सून कंपनीत होती," मी म्हटलं. "घरात कोणी नव्हतं."

आनेकेबाई थोड्या घुटमळल्या. "आमचं यंत्र त्या खोकल्याला जुन्या नमुन्याशी जुळवतं. तीच व्यक्ती, असं सांगतं. म्हणून मला वाटलं तुम्ही जुनाच खोकला पुढे जोडला आहे. पण तपासलं तर तो जुना नाही. नव्यात दम लागत नाही त्यांना. मोकळा आहे."

मॅडम हुशार बाई, त्यांनी यंत्राच्या चुका, आवाजातले भास असं बरंच सांगून पाहिलं. आनेकेबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, असेलही. पण बाईंचा आवाज तिथे आहे आणि नियम नियम आहे. संमती मिळाली तर नोंद ठेवू. नाही मिळाली तर दोघांचाही आवाज काढावा लागेल.

म्हणजे आबांचा ओ गेला असता. पुन्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टाकव्यात होते. आबांना सगळं सांगितलं. ते घाबरले नाहीत, चकितही झाले नाहीत. फक्त विचारलं, "संमती पायजे व्हय तिची? आंगटा चालंल?"

"आता अंगठा कसा आणणार आबा?"

"मग तोंडी?"

"तोंडी चालते," मी म्हटलं. नियमच तसा होता, मी काय करणार.

"थांबा. इचारतो."

ते मागच्या दारात बसले. टोपी नीट केली, गोठ्याकडे तोंड केलं आणि खोकले. एक आखूड, जरा थांबून, दोन लांब. सगळ्या जन्मात त्यांनी स्वतः तशी हाक कधी मारली नव्हती. ते नेहमी ओ देणारे. आम्ही वाट बघत बसलो. पत्र्यावरचं पाणी ठिबकायचं थांबलं होतं. मग म्हैस रवंथ करायची थांबली.

काही वेळानं आबा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे ओले होते आणि ते हसत होते. "आयकलं ना ताई?"

मी पिशवीतून तोंडी संमतीचा कागद काढला. बाईंचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. खाली साक्षीदाराच्या जागी माझी सही केली आणि संध्याकाळी तो आनेकेबाईंना पाठवून दिला. सगळ्या नोकरीत मी खोटी साक्ष एकदाही दिलेली नाही.